घड्याळ कुठून सुरू होतं? बंदरावरच्या ट्रेलरवाल्यांचा इतिहास

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा.

आजचा विषय मला माझ्या मामाने दिला. मामा ट्रेलर चालवतो. मागे चाळीस फुटी कंटेनर घेऊन जाणारी लांबलचक गाडी असते ना, एक्सप्रेस वेवर तिच्या मागे अडकलो की आपण शिव्या घालतो, ती. एकोणीस वर्षं झाली त्याला. न्हावा शेवा, मुंद्रा, हजिरा, सगळीकडे गेलाय. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, आणि मध्यंतरी दीड वर्ष मी बंदरांसाठी गेटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. गाडी गेटमधून आत कधी आली, बाहेर कधी पडली, मध्ये किती वेळ गेला, हे दाखवणारी स्क्रीन माझी होती. या वेळेला म्हणतात टर्नअराउंड टाइम. तो कमी म्हणजे बंदर भारी.

दिवाळीत घरी मी मोठ्या रुबाबात ती स्क्रीन मामाला दाखवली. त्याने फोन हातात घेतला, बघितला, आणि एकच विचारलं, "भाचे, हे घड्याळ कुठून सुरू होतं?"

म्हटलं, गेटपासून.

"मग गेटपर्यंतचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथून हा एपिसोड सुरू झाला. मी वाचत गेलो, मामाला प्रश्न विचारत गेलो, आणि लक्षात आलं की ड्रायव्हर गेटवर ज्या ज्या गोष्टी करतो, प्रत्येकीच्या मागे एक तारीख आहे. बऱ्याचदा ती कुठल्यातरी अपघाताची तारीख आहे.

तर आधी जाऊया जुन्या मुंबईत. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण आज इंदिरा डॉक म्हणतो. त्या काळी माल सुटा यायचा. पोती, गाठी, पेट्या, पिंपं. बोटीच्या पोटातून एक एक डाग बाहेर काढायचा, धक्क्यावर मांडायचा, मोजायचा, आणि मग बैलगाडीवर, हातगाडीवर नाहीतर रेल्वेच्या डब्यात. पुढे लॉरीवर. हे सगळं माणसांच्या पाठीवर. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं. त्यांना काम द्यायचा टोळीवाला. टोळीवाल्याची मर्जी असेल तर आज मजुरी, नसेल तर घरी. १९४८ मध्ये डॉक कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आला तेव्हा कुठे याला लगाम बसायला लागला. सीएसएमटीच्या बाजूने जाणारा पी. डिमेलो रोड माहितीय ना? ते डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत आले तेव्हा त्यांच्याच हाताखाली युनियनचं काम शिकले.

एक बोट रिकामी व्हायला दिवसच्या दिवस जायचे. बोट थांबायची, मजूर थांबायचे, गाडीवाले थांबायचे. सगळेच थांबायचे, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

आता १४ एप्रिल १९४४. हा दिवस मुंबईकराला माहीत असायलाच हवा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि वाटेत कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! दुपारी आग लागली. धोकादायक माल असलेल्या जहाजावर लाल निशाण लावायची पद्धत होती, ते लावलेलं नव्हतं. आग विझवायला जे बंब धावले त्यांतल्या कित्येकांना पायाखाली काय आहे याचा अंदाज नव्हता. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण. आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

याचा ट्रेलरवाल्याशी काय संबंध? सांगतो. कंटेनरच्या बाजूंना चौकोनी, हिऱ्यासारखे उभे स्टिकर बघितलेत का कधी? लाल, पिवळे, काळे-पांढरे, खाली एक आकडा. तो आकडा म्हणजे धोक्याचा वर्ग, एक ते नऊ. एक म्हणजे स्फोटक, तीन म्हणजे पेट घेणारा द्रव, आठ म्हणजे जाळणारं रसायन. समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालासाठी १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमावली आली, त्यातून हे आलं. हे स्टिकर चारही बाजूंना हवेत. मामा म्हणतो, गाडीला डबा लावला की पहिली फेरी पायी मारायची, चारी बाजूंनी. कागदावर वर्ग लिहिलाय आणि डब्यावर स्टिकर नाही, तर गाडी हलवायची नाही. आणि उलटंही. खाली डबा मिळाला आणि त्यावर मागच्या मालाचा स्टिकर तसाच असेल, तर तो काढून घ्यायचा. कारण उद्या अपघात झाला तर फायर ब्रिगेडवाला त्या स्टिकरवर विश्वास ठेवून पाणी मारायचं की नाही ते ठरवणार. चव्वेचाळीस साली त्याला विश्वास ठेवायला काहीच नव्हतं.

आता जरा अमेरिकेत जाऊ. माल्कम मॅक्लीन. हा माणूस जहाजवाला नव्हताच, ट्रकवाला होता. नॉर्थ कॅरोलिनाचा. त्याची एक गोष्ट सांगतात, तो स्वतःही सांगायचा, की १९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन तो न्यू जर्सीच्या धक्क्यावर गेला आणि दिवसभर रांगेत बसून राहिला. मजूर एक एक गाठ उचलतायत, हा बघतोय. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, हा माझा अख्खा ट्रकच उचलून बोटीवर का ठेवत नाहीत? इतिहासकारांना ही गोष्ट थोडी रंगवलेली वाटते, मलाही वाटते. स्टार्टअपवाल्यांच्या ओरिजिन स्टोऱ्या असतात ना, तशी आहे ती. पण पुढचं मात्र पक्कं आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी आयडियल एक्स नावाची एक जुनी टँकर बोट न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाली, तिच्या डेकवर ५८ डबे होते. सुटा माल चढवायला टनाला ५ डॉलर ८३ सेंट लागायचे. या पद्धतीने साधारण १६ सेंट. बस, संपला विषय. त्या दिवशी जगातल्या गोदी कामगारांचा धंदा बदलला, आणि त्यांना ते कळायला पंधरा-वीस वर्षं लागली.

माझा हिरो मात्र मॅक्लीन नाही, त्याचा इंजिनिअर आहे. कीथ टँटलिंगर. डब्याच्या कोपऱ्यात जी भोकं असतात, आणि त्यात घुसून फिरणारा जो खुंटा असतो, ट्विस्टलॉक, तो याने घडवला. आणि मग त्याने मॅक्लीनला पटवलं की याचं पेटंट सगळ्यांना फुकट वापरू दे, नाहीतर जगभर एकच डबा चालणार नाही. म्हणजे ओपन सोर्सच की! आज शांघायमध्ये भरलेला डबा चाकणच्या ट्रेलरवर बसतो तो त्यामुळे.

हाच खुंटा ड्रायव्हरचा जीव वाचवतो आणि हाच घेतो. गाडी रस्त्यावर असताना चारही लॉक बंद पाहिजेत. एक जरी उघडा राहिला तरी वळणावर, गोल उतारावर, डबा एका अंगाला कलतो आणि शेजारच्या गाडीवर जाऊ शकतो. उलट यार्डात क्रेन डबा उचलणार असेल तेव्हा चारही लॉक उघडे पाहिजेत. तिथे एक जरी बंद राहिला तर डब्याबरोबर ट्रेलरही उचलला जातो. मामाने हे डोळ्यांनी बघितलंय. ट्रेलरचं मागचं धूड हवेत, आणि केबिनमधला पोरगा दार उघडून उडी मारायच्या बेतात. क्रेनवाल्याच्या वेळीच लक्षात आलं म्हणून. "उडी मारली असती तर मेला असता," मामा म्हणाला. "क्रेनखाली केबिनमधून उतरायचं नाही. काहीही होवो. हॉर्न दाबायचा, दाबून धरायचा." हे वाक्य कुठल्या मॅन्युअलमध्ये टाकलं तर फार बरं होईल.

भारतात हे डबे आले १९७३ मध्ये, कोचीन बंदरात. मुंबईच्या जुन्या गोद्या त्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. आजूबाजूला शहर, मागे जागा नाही. म्हणून खाडीच्या पलीकडे उरण तालुक्यात, न्हावा आणि शेवा या गावांच्या नावाने नवं बंदर ठरलं. आणि इथे जरा थांबू, कारण ही बाजू पॉडकास्टवाले फार कमी सांगतात. नवी मुंबई आणि बंदर यांच्यासाठी तिथल्या आगरी-कोळी लोकांच्या भातखाचरांची, मिठागरांची जमीन गेली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची जी योजना पुढे आली, तिची मुळं त्या दोन दिवसांत आहेत. पाच वर्षांनी, २६ मे १९८९ रोजी, बंदर सुरू झालं. आज वर्षाला सत्तर लाखांहून जास्त टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशोबात एवढे डबे, तिथून जातात. मुंबईचे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक आता बुजवून टाकलेत. पाणी होतं तिथे जमीन आहे.

बंदर शहरापासून लांब गेलं, आणि मधलं अंतर ट्रेलरवाल्याच्या गळ्यात पडलं. पळस्पे फाटा ते बंदर हा रस्ता, गव्हाण फाटा, करळ फाटा, ही नावं आपल्यासाठी गूगल मॅप्सवरची आहेत. ड्रायव्हर लोकांसाठी ती गावाच्या नावांइतकी ओळखीची. तिथे चहा कुणाचा चांगला, पंक्चरवाला रात्री कुठला उघडा, सगळं पाठ.

आता थोडं माझ्या आवडीचं. कंटेनरचा नंबर. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक वेगळा आकडा. तो चौकटीतला आकडा उगाच नाही. प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे, ए म्हणजे १०, बी म्हणजे १२ (११ वगळलाय), सी म्हणजे १३, असं. मग डावीकडून पहिल्याला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, दुप्पट करत जायचं. बेरीज करून ११ ने भागायचं, बाकी उरेल तो शेवटचा आकडा. उदाहरणाला नेहमी एक नंबर देतात, सीएसक्यूयू ३०५४३८. करून बघा, बेरीज येते ६१८५, ११ ने भागलं की बाकी ३. म्हणून चौकटीत ३. कारकुनाने दोन आकडे उलटे लिहिले, एखादा चुकवला, तर हिशोब जवळजवळ नेहमीच फिसकटतो आणि चूक सापडते. एका जागी कागदावर असेच दोन आकडे उलटे पडले होते आणि मामाला खाली डबा घ्यायला चाळीस किलोमीटरची दुसरी फेरी मारावी लागली. पैसे कुणी दिले? कुणीच नाही. मी त्याला हा हिशोब करणारं छोटं अ‍ॅप बनवून दिलं. तो वापरत नाही. तो नंबर दोन-दोन आकड्यांत मोठ्याने वाचतो, आधी कागदावरचा, मग डब्यावरचा. "तुझ्या अ‍ॅपला रेंज लागते का नाही?" लागत नाही खरं तर, पण मी गप्प बसलो.

सीलचंही तसंच. दारावरच्या बोल्ट सीलचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक आहे का, आणि सील हाताने ओढून बघितलं का. आत माल कमी निघाला तर पहिला संशय ड्रायव्हरवर. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर जगभर बंदरांची सुरक्षा आवळली गेली, १ जुलै २००४ पासून तिचा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. गेटवर पास, ओळखपत्र, कडक तपासणी, हे सगळं त्यातून वाढलं. म्हणून मामाचा सल्ला: डबा ताब्यात घेताना सीलचा, दाराचा, डब्याच्या चारी बाजूंचा फोटो. खोक आधीची आहे हे फोटो नसेल तर कुणी मान्य करत नाही. खाली डबा असेल तर आत जाऊन दार बाहेरून लावून घ्यायचं आणि अंधारात उभं राहायचं. कुठून उजेड आला तर भोक आहे, पावसात माल भिजणार. काय साधी टेस्ट आहे बघा! माझ्या कंपनीत याला क्वालिटी चेकची मीटिंग लागली असती.

आणि वजन. २००७ च्या जानेवारीत एमएससी नेपोली नावाचं जहाज इंग्लिश खाडीत वादळात फाटलं. नंतर डेकवरचे सुमारे ६६० डबे तोलून बघितले, तर पाचातला एक डबा सांगितलेल्या वजनापेक्षा तीन टनांहून जास्त वेगळा. लोक खोटं सांगत होते, सरळ. १ जुलै २०१६ पासून निर्यातीचा प्रत्येक डबा तोलूनच जहाजावर चढवायचा, असा नियम झाला. जहाजासाठी हे झालं, पण वजनाचं खोटं पहिल्यांदा भोगतो तो ड्रायव्हर. ब्रेक लागत नाही तेव्हा त्याला कळतं की कागदावरचे वीस टन वीस नाहीत. म्हणून वजनाची पावती हातात आल्याशिवाय घाटात उतरायचं नाही, एवढं मामा नव्या पोरांना बजावतो.

हे सगळं झालं लोखंडाचं. आता सॉफ्टवेअर, म्हणजे माझ्याकडे बोट.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशोबासाठी वापरतात त्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर काळे पडले, आणि तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा शेव्याचं एक टर्मिनलही थंडावलं. कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, हे सांगणारं कुणी नाही. क्रेन धडधाकट, डबे जागेवर, माणसं हजर, पण काही हलेना. बाहेर गाड्या साचल्या. मर्स्कने दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. ते शक्य झालं कारण घानामधल्या ऑफिसात नेमकी वीज गेली होती आणि तिथला एक सर्व्हर बंद असल्यामुळे वाचला. टेक कॉन्फरन्समध्ये हा किस्सा सगळे हसत हसत सांगतात, मीही सांगितलाय. त्यात बाहेरच्या रांगेतला माणूस कधीच नसतो. कंपनीचं नुकसान डॉलरमध्ये मोजलं गेलं, २५ ते ३० कोटी डॉलर. रांगेतल्या रात्री कुणाच्या वहीत नाहीत.

आणि इथे मला मामाचा प्रश्न परत आठवतो. मॅक्लीनने म्हणे रांगेचा कंटाळा येऊन डबा काढला. डब्यामुळे बोट आठवड्याऐवजी एका दिवसात निघायला लागली. पण बोटीचा वेळ महाग, म्हणून बोट पहिली. क्रेनचा वेळ महाग, म्हणून क्रेन दुसरी. थांबणं संपलं नाही, ते सरकत सरकत गेटच्या बाहेर आलं, जिथे वेळ सगळ्यात स्वस्त आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास असं लिहिलं होतं. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक गावोगाव. केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तो २०२५ मध्ये, नव्याने बनणाऱ्या गाड्यांना. मामाची गाडी २०१४ ची. एप्रिलच्या दुपारी रांगेत इंजिन बंद करून तो टायरच्या सावलीत बसतो, डिझेल त्याच्या हिशोबातून जातं म्हणून. २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा आपण पेट्रोल पंपावर रांगा लावल्या होत्या, आठवतंय? दोन दिवसांत आपण किती वैतागलो होतो.

आता परिस्थिती अगदी तशीच आहे असं म्हणणार नाही. मोठे पार्किंग प्लाझा झालेत, डब्यांवर आरएफआयडी टॅग आलेत, कागद मोबाईलवर आलेत. मामाही मानतो, दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरं आहे. पण प्लाझात थांबलेला वेळही घड्याळात येत नाही.

दिवाळीनंतर मी ऑफिसात एक बटण सुचवलं होतं. "रांगेत लागलो." ड्रायव्हरने फाट्यावर आल्यावर दाबायचं, लोकेशन आपोआप. दोन दिवसांचं काम. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ग्राहक बंदर आहे, ड्रायव्हर नाही, आणि हा आकडा बंदराला आवडणार नाही. बरोबरच होतं त्यांचं, धंद्याच्या हिशोबाने. मी ते बटण बनवलं नाही. आठ महिन्यांनी नोकरी सोडली, पण त्या कारणाने नाही. जास्त पगार मिळाला म्हणून. खोटं कशाला सांगू.

मामा मात्र वही ठेवतो. दोनशे पानी, वर देवाचं चित्र. प्रत्येक फेरीची वेळ त्यात लिहितो, आणि रांगेत लागल्यावर समोरच्या गाडीचा फोटो काढतो, वेळ छापली जाते असा. हॉल्टिंगचे पैसे मागताना शेठने कटकट केली तर वही पुढे करतो. गेल्या वर्षी तीन वेळा पूर्ण पैसे मिळाले, दोनदा अर्धे. तुमच्या घरात, शेजारी कुणी लाइनवर असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा: वेळ लिहून ठेवा, आणि फोटो.

त्यातलं एक पान त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. बंदर कुठलं ते सांगत नाही, त्याला तिथे रोज जायचंय. पानावर लिहिलंय:

फाटा रात्री ११.४०. गेट पहाटे ५.१०. बाहेर ६.०५.

माझ्या स्क्रीनवर त्या फेरीचा टर्नअराउंड टाइम दिसला असता ५५ मिनिटं. हिरव्या रंगात.